दात हलवायचे की झाकायचे? सांगली-मिरजेत पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडं निघालेल्यांसाठी

तुळशीचं लग्न लागलं की इकडच्या डेंटल क्लिनिकांत एक ठरलेला प्रश्न सुरू होतो, लग्नाची तारीख निघालीय, पोरीचे दात जरा पुढं आहेत, तेवढे आत घेता येतील का, आणि हो, महिन्याभरात. मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणजे डॉक्टर माप पाठवतात त्यावरनं कॅपा (दातावर बसवायची टोपी), व्हिनिअर (दाताच्या पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा), रिटेनर (सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवायचं साधन) बनवायचं काम. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो, त्यामुळं खालचं सगळं डॉक्टरकडं जायच्या आधीची तयारी समजा, उपचार नाही. पण रोज टेबलावर माणसांच्या दातांची मॉडेलं येत असतात आणि कुठल्या केसमध्ये घाई झाली ते कुणी न सांगता कळतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावरच आहे. हसणं सुधारायचे रस्ते दोनच. एक तर दात जागचा हलवायचा, नाहीतर दात आहे तिथंच ठेवून त्याचा रंग-आकार बदलायचा, म्हणजे पांढरा करायचा किंवा वरनं झाकायचा. हलवायला वर्ष-दोन वर्षं जातात पण दात शाबूत राहतो. झाकायला आठवडा-पंधरवडा पुरतो पण बऱ्याचदा त्यासाठी दात घासावा लागतो (ब्रशनं नाही, मशीननं झिजवून बारीक करायचा) आणि घासलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, आयुष्यात परत येत नाही. कॅपा जास्त बनल्या तर धंदा माझाच होतो, तरी सांगतो, पंचविशीच्या पोरीचे धडधाकट सहा दात रूट कॅनल करून, कापून, त्यावर कॅपा घालून सरळ दाखवलेले बघितले की वाईट वाटतं, कारण त्या कॅपा आज ना उद्या बदलाव्या लागणार आणि दर वेळी आतला दात थोडा अजून जाणार.

पायरी १: घरी बसून आधी नेमकं काय खुपतंय ते शोधा

उजेडात खिडकीजवळ उभं राहा आणि कुणाला तरी मोबाईलवर फोटो काढायला सांगा, एक नेहमीसारखं हसताना, एक ओठ बाजूला ओढून दात दाबलेले असताना, एक साइडनं. सेल्फी नको, कॅमेरा तोंडाच्या इतका जवळ असतो की नाक आणि पुढचे दात उगाच मोठे दिसतात. आता बघा, त्रास रंगाचा आहे का, आकाराचा (तुटलेला, झिजलेला, बारका दात), जागेचा (वाकडा, पुढं आलेला, फट असलेला), हिरडीचा (हसताना हिरडी फार दिसते) की जबड्याचाच. रंग आणि आकार असेल तर साधारण झाकायचा रस्ता, जागा असेल तर हलवायचा, जबडा असेल तर मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल पुढं.

आणि हे काम स्वतःसाठी करा हो. बघायच्या कार्यक्रमात कोणतरी मावशी काहीतरी बोलली म्हणून केलेल्या कामाचं समाधान मावशीला पण होत नाही.

पायरी २: कुणाकडं जायचं

तार लावायचं काम ऑर्थोडॉन्टिस्टचं. बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पहिली डिग्री, झाल्यावर तीन वर्षं फक्त याच विषयात एमडीएस, म्हणजे पुढची डिग्री, केलेला माणूस. कॅपा-व्हिनिअरचं काम प्रोस्थोडॉन्टिस्टचं, फिलिंग-बाँडिंग-ब्लिचिंग (दात भरणं, त्याला आकार देणं, पांढरा करणं) चांगला बीडीएस डॉक्टर पण करतो, हिरड्यांचं पेरिओडॉन्टिस्टचं. बोर्डावर नावापुढं डिग्री असते ती नीट वाचा, महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर पण असतो. विचारायला लाजू नका.

आपल्याकडं एक पद्धत आहे, तासगाव, विटा, जत, इस्लामपूर अशा गावांतल्या क्लिनिकांत ऑर्थोडॉन्टिस्ट व्हिजिटिंग असतो, म्हणजे महिन्यातनं ठरलेल्या दिवशी येणार. त्यात वाईट काही नाही, गावातल्या गावात काम होतं. फक्त आधी विचारून घ्या की मधल्या दिवसांत ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा) निघालं किंवा तार गालात टोचायला लागली तर कोण बघणार.

पैशाची ओढाताण असेल तर डेंटल कॉलेज. सांगली-मिरज रोडला वानलेसवाडीत भारती विद्यापीठाचं आहे, तासगाव रोडला कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे, सातारा जिल्ह्यातल्यांना कराडजवळ मलकापूरला कृष्णाचं आहे. तिथं एमडीएस करणारे डॉक्टर काम करतात आणि सर येऊन तपासतात, खर्च बाहेरच्यापेक्षा बराच कमी, पण वेळ काढून जायला लागतं आणि एका व्हिजिटला अर्धा दिवस जाऊ शकतो. शाळा-नोकरीचं गणित बसत असेल तर मी तरी बिनधास्त जा म्हणीन.

पायरी ३: पहिल्या व्हिजिटला काय होतं

घाबरायचं कारण नाही, पहिल्या दिवशी कोण तार लावत नाही. ओपीजी नावाचा एक्सरे निघतो, त्यात सगळे दात, अक्कलदाढा, जबड्याचं हाड एकाच फोटोत येतं. तारेची केस असेल तर डोक्याचा साइडचा एक्सरे पण, त्याला लॅटरल सेफ म्हणतात, दात पुढं आहेत की जबडाच पुढं आहे हे त्यावरनं कळतं. मग फोटो आणि माप, माप म्हणजे एकतर ट्रेमध्ये मऊ मसाला भरून तोंडात दाबतात नाहीतर कॅमेऱ्यासारख्या स्कॅनरनं घेतात. मसाल्यानं उमासा येतो काहींना, तेवढा वेळ नाकानं श्वास घ्या आणि डोकं थोडं पुढं झुकवा.

हे सगळं न करता, नुसतं तोंडात बघून, आजच तार लावून टाकू किंवा आजच सहा कॅपांचं माप घेऊ असं कोण म्हणालं तर घरी विचारून सांगतो म्हणून उठा.

तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्यांनी एक घरीच बघायचं. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का? नसतील जात, तोंड आखडल्यासारखं वाटत असेल, तिखट झोंबत असेल, किंवा पांढरा चट्टा नाहीतर दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर हसण्याचं काम बाजूला ठेवा आणि आधी ते दाखवा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे.

पायरी ४: आधी साफसफाई

क्लिनिंग, किडलेले दात भरणं, हिरडीची सूज घालवणं, हे आधी झाल्याशिवाय पुढचं काही करू नये. पायरिया असताना तार लावली तर दातांचं हाड अजून झटपट जातं. शुगर असेल तर ती कंट्रोलमध्ये आणा, शुगर आणि हिरड्यांचं जवळचं नातं आहे. क्लिनिंगनं दात हलतात हा आपल्याकडचा जुना गैरसमज, खरं तर वर्षानुवर्षं साठलेल्या दगडानं (दातावर कडक झालेल्या घाणीच्या थरानं) हिरडी-हाड खाऊन दात आधीच ढिला केलेला असतो आणि दगड निघाला की ते जाणवतं. मिसरी लावणाऱ्या आयाबायांच्या दातांवरचा काळेपणा बराचसा वरवरचा असतो, नुसत्या क्लिनिंग-पॉलिशनं इतका फरक पडतो की ब्लिचिंगची गरज राहत नाही. अर्थात मिसरी पण तंबाखूच, ती सुटायला पाहिजे.

पायरी ५: हलवायचं ठरलं तर

तारेनं दाब दिला की दात ज्या बाजूला सरकतो तिकडचं हाड विरघळतं आणि मागं नवीन हाड भरतं. या कामाला स्वतःचा वेग आहे, साधारण महिन्याला एक मिलिमीटर धरा. म्हणून दीड-दोन वर्षं. जास्त जोर लावून लवकर होत नाही, उलट मुळं झिजतात. त्यामुळं कुठल्याही दात पुढं असलेल्या केसला चार महिन्यांत सगळं बसवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

प्रकार असे. मेटलची तार, सगळ्यात स्वस्त, सगळ्यात मजबूत, अवघड केसला अजूनही बऱ्याच डॉक्टरांची पहिली पसंती. सिरॅमिक, दाताच्या रंगाची, लांबनं कमी दिसते, पण ठिसूळ. सेल्फ लायगेटिंगमध्ये तार धरायला रबरी रिंग लागत नाही, छोटं झाकण असतं. लिंग्वल म्हणजे दाताच्या आतल्या बाजूनं, बाहेरनं काहीच दिसत नाही पण जिभेला सुरुवातीला फार त्रास, महाग, आणि करणारे कमी. शेवटी अलायनर.

अलायनरबद्दल जरा जास्त लिहितो कारण सध्या सगळ्यांना तेच पाहिजे. अमेरिकेतल्या अलाइन टेक्नॉलॉजीनं १९९७ ला कंपनी काढून इनव्हिजलाइन आणलं, आता आपल्याकडं पण बऱ्याच कंपन्या आहेत. पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, एक-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे, असे कितीतरी. दिवसातले वीस-बावीस तास तोंडात पाहिजेत, म्हणजे फक्त खाताना नि ब्रश करताना काढायचा. आता आपला चहा मोजा. सकाळी उठल्यावर, नाष्ट्याला, दुकानात पाहुणा आला, मग चारचा, मग घरी गेल्यावर, आणि ट्रे घालून गरम चहा प्यायचा नाही, ट्रे वाकतो आणि पिवळा पडतो. चहा सुटत नसेल आणि दर वेळी काढून-खळखळून-घालायचा कंटाळा असेल तर पैसे घालवू नका, मेटलची तार लावा, ती तुमचं ऐकून घेत नाही, चोवीस तास काम करते. जो शिस्तीत घालेल आणि केस मध्यम आहे त्याला अलायनर खरंच छान. दातांवर बारीक पांढरे ठिपके चिकटवतात, अटॅचमेंट म्हणतात, त्यामुळं अगदी काहीच दिसत नाही असंही नाही.

घरबसल्या माप घेऊन कुरिअरनं ट्रे पाठवणारे प्रकार टाळा. एक्सरे नाही, तोंडात कुणी बघितलं नाही, मग हाड किती आहे कुणाला माहीत? अमेरिकेत या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३ ला बंद पडली आणि ट्रे अर्धवट घातलेली माणसं तशीच लटकली.

बऱ्याच केसमध्ये जागा करायला दात काढावे लागतात, बहुतेक वेळा सुळ्याच्या मागच्या छोट्या दाढा, वरच्या दोन खालच्या दोन. घरची म्हातारी माणसं म्हणतात वरचा दात काढला की नजर जाते. नाही जात, दाताच्या नसा वेगळ्या, डोळ्याच्या वेगळ्या. पण दात काढणं का गरजेचं आहे हे डॉक्टरनं तुम्हाला एक्सरे दाखवून समजावलं पाहिजे, तो तुमचा हक्क आहे.

तार लागल्यावर पहिले तीन-चार दिवस दुखतं, चावायला नको वाटतं, मऊ भात, खिचडी, शिरा. नंतर सवय होते. गालाला टोचलं तर डॉक्टर एक मेण देतात ते चिकटवायचं. आता खाण्याचं. सांगलीत राहून भडंग सोडा म्हणणं अवघड आहे पण त्यातले शेंगदाणे नि कडक फुटाणे ब्रॅकेट उडवतात. ऊस दातानं सोलून खायचा नाही, रस प्या. कणीस दाणे काढून, पेरू-सफरचंद कापून, चिक्की बंद, बेदाणे चिकटतात म्हणून खाल्ले तर लगेच ब्रश. साताऱ्याच्या लोकांना कंदी पेढा चालेल, मऊ आहे, पण रात्री ब्रश केल्यावर नको. आणि हळद! पारदर्शक रबरी रिंगा लावून घेतल्या तर दोन दिवसांच्या आमटीत पिवळ्याधमक होतात, हळदीच्या पेठेत राहून त्याला इलाज नाही. सिरॅमिकवाले लोक घाबरून फोन करतात, दात पिवळे झाले म्हणून. दात नाही, रिंगा झाल्या, पुढच्या व्हिजिटला बदलतात. त्यापेक्षा राखाडी रिंगा मागा.

ब्रशचं हलक्यात घेऊ नका. ब्रॅकेटच्या कडेनं अन्न साठलं की तार काढल्यावर तिथं पांढरे डाग राहतात, ते सहजासहजी जात नाहीत. बारका इंटरडेंटल ब्रश आणा, फ्लोराइडवाली पेस्ट वापरा, रात्रीचा ब्रश चुकवू नका.

रिटेनर, म्हणजे खरी शेवटची पायरी

तार निघाली की लोकांना वाटतं संपलं. दात परत जुन्या जागेकडं सरकतात, सगळ्यांचेच, म्हणून आतल्या बाजूनं बारीक तार चिकटवतात किंवा काढता-घालता येणारा रिटेनर देतात. सुरुवातीला दिवसरात्र, मग रात्री, आणि रात्रीचं वर्षानुवर्षं. आमच्याकडं रिटेनर हरवला म्हणून नवीन बनवायला येणाऱ्या ऑर्डरी भरपूर असतात, बहुतेक हॉटेलात टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून टेबलावर विसरलेले. डबी जवळ ठेवा. हरवला तर आठवडाभरात नवीन करा, सहा महिन्यांनी आलात तर रिटेनर नाही, परत तार लागू शकते.

पायरी ६: रंग आणि झाकायचं काम

क्रम लक्षात ठेवा, आधी हलवणं, मग पांढरं करणं, सगळ्यात शेवटी झाकणं. कारण ब्लिचिंग फक्त खऱ्या दातावर चालतं, कॅप, फिलिंग, व्हिनिअरचा रंग त्यानं बदलत नाही. आधी कॅप घातली आणि नंतर बाकीचे दात पांढरे केले की कॅप एकटी पिवळी दिसते आणि मग ती बदलायला आमच्याकडं येते.

ब्लिचिंग क्लिनिकमध्ये बसून होतं किंवा घरी ट्रेमध्ये जेल घालून, घरच्याला सहसा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असतं, सावकाश काम करतं पण भरवशाचं आहे. थोडे दिवस ठणकतं, थंड लागतं, मग कमी होतं. पिवळे दात चांगले उजळतात, करडे-पट्टेवाले कमी. लिंबू-सोडा आणि कोळशाची पावडर घासून दात पांढरे होत नाहीत, इनॅमल झिजतं आणि खालचा पिवळा थर उलट जास्त दिसायला लागतो.

बाँडिंग म्हणजे दाताच्या रंगाचं कंपोझिट (फिलिंगला वापरतात तो मसाला) थेट दातावर बसवून आकार देणं. छोटी फट, तुटलेला कोपरा, बारका दात यासाठी मला हे सगळ्यात आवडतं (आणि यात लॅबला एक रुपया मिळत नाही). एका बैठकीत होतं, दात जवळजवळ घासत नाहीत, काही वर्षांनी चहानं रंग धरतं किंवा कड उडते, मग दुरुस्त होतं. ब्लिचिंग केलं असेल तर बाँडिंगच्या आधी दोन आठवडे थांबा, नाहीतर कंपोझिट नीट धरत नाही.

व्हिनिअर म्हणजे पुढच्या बाजूला पातळ सिरॅमिकचा पापुद्रा, साधारण अर्धा मिलिमीटर दात घासून. कॅप चारी बाजूंनी दात घासून. मोठं फिलिंग, रूट कॅनल, मोडलेला दात, तिथं कॅप बरोबर आहे. नुसता वाकडा आहे म्हणून कॅप, हे नको.

व्हिनिअर-कॅपा करणारच असाल तर लॅबमधनं चार गोष्टी सांगतो. शेड, म्हणजे दाताची रंगछटा, दिवसाच्या उजेडात आणि काम सुरू व्हायच्या आधी ठरवा, कारण तोंड उघडं ठेवून दात सुकला की तो आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. शेडगाइडमध्ये ए-वन ते डी-फोर असे सोळा रंग असतात, सगळ्यात पांढराच द्या म्हणू नका, खालच्या दातांशी मेळ नाही बसला तर लांबनं ओळखू येतं. दात घासायच्या आधी मेणाचं मॉडेल करून मागा, डॉक्टर त्यावरनं तोंडात तात्पुरता नमुना पण लावून दाखवतात, तो घालून घरी आरशात बघा. आणि बोलून बघा, सांगली, सातारा, सासूबाई असं म्हणताना शिट्टी वाजते का, फळा, वाफ म्हणताना वरचे दात खालच्या ओठात रुततात का. तसं असेल तर लांबी कमी करायला तेव्हाच सांगा, पक्कं चिकटवल्यावर नाही. झिर्कोनियाची (एक मजबूत सिरॅमिक) कॅप असेल तर कंपनीचं वॉरंटी कार्ड येतं, मागून घ्या.

लग्नाची तारीख असेल तर

वर्षाच्या वर वेळ आहे, आत्ता तार किंवा अलायनर सुरू करा. सहा महिने आहेत, डॉक्टरला विचारा पुढचे चार-सहा दात तेवढे हलतील का, साध्या केसमध्ये होतं. महिना आहे, क्लिनिंग, ब्लिचिंग, थोडं बाँडिंग, बस. फोटो छान येतात. तार लग्नानंतर लावा, नवऱ्याला दाखवायचं तेवढं दाखवून झालेलंच असतं.

लहान पोरं

सातव्या वर्षी एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा, अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पण हेच वय सांगते. लगेच तार लागत नाही, पण अंगठा चोखणं, तोंडानं श्वास, खालचा जबडा पुढं येणं हे तेव्हाच कळतं. दुधाचा दात किडून लवकर काढला तर जागा धरून ठेवायची पट्टी बसवतात, नाहीतर शेजारचे दात सरकून पक्क्या दाताची वाट बंद. खालचा जबडा मागं असेल तर उंची वाढायच्या वयात ट्विन ब्लॉकसारखी प्लेट देतात, ते वय गेलं की फायदा कमी. मोठेपणी जबडाच पुढं-मागं असेल तर वाढ थांबल्यावर ऑपरेशन, त्याला ओरल सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट दोघं लागतात.

आणि हे आईबापांनी नक्की बघा, तार आठवी-नववीत सुरू केली तर बारावीच्या आत संपते. अकरावीला लावली आणि पोरगं पुण्याला ॲडमिशन घेऊन गेलं की दर महिन्याला स्वारगेटवरनं एसटी पकडून यायचं होत नाही, केस मधेच लटकते, दुसरा डॉक्टर अर्धी केस घ्यायला नाखूष असतो आणि घेतली तर पैसे नव्यानं.

फट बुजवायला इंटरनेटवर बघून दातांना रबर बँड लावणारी पोरं पण आहेत. तो रबर हिरडीत वर सरकतो, मुळाभोवती आवळतो, हाड जातं आणि दोन चांगले दात पडतात. घरात कुणी असं करत असेल तर थांबवा.

पैसे

मेटल सगळ्यात कमी, मग सिरॅमिक, मग सेल्फ लायगेटिंग, अलायनर आणि लिंग्वल सगळ्यात वर, अलायनरचं बिल लाखाच्या पुढं सहज जातं. बहुतेक मेडिक्लेम यातलं काही देत नाही. तारेचे पैसे हप्त्यानं घेतात, आधी थोडे आणि मग दर व्हिजिटला. ठरवताना कागदावर लिहून मागा, एक्सरे धरून का, दात काढायचे वेगळे का, तुटलेल्या ब्रॅकेटचे किती, रिटेनर यातच का, आणि अलायनर असेल तर मधे नवीन ट्रे लागले तर त्याचे वेगळे पैसे का. दोन ठिकाणी दाखवून मग ठरवलं म्हणून कुठला डॉक्टर रागावत नाही, रागावला तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. फक्त दुसऱ्याकडं जाताना ओपीजी, सेफ आणि स्कॅनची फाइल बरोबर न्या, परत एक्सरे काढायला लागत नाही, आणि पुण्या-मुंबईला बदली झाली तरी तीच फाइल कामाला येते.